पडलेला दात आणि अर्धी कवळी : सभासदांसाठी माहितीचा पाठ



या वेळचा पाठ जाळ्याचा नाही, बर्फाचा नाही, सबसिडीचाही नाही. तोंडातल्या दातांचा आहे.

आपल्यात चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या बऱ्याच जणांची एखाद-दुसरी दाढ गेलेली आहे. काहींचे तर पुढचे दातही गेलेत. विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. एक म्हणजे, "एका दाढेनं काय होतं, दुसऱ्या बाजूनं चावतो." दुसरं म्हणजे, "दात लावायचे म्हणजे लाखाचं काम, आपल्याला कुठं झेपतं." दोन्ही उत्तरं पूर्ण खरी नाहीत. गेलेल्या दाताची जागा तशीच सोडण्यात नुकसान आहे, आणि ती भरायला लाखच लागतात असंही नाही. मधला एक रस्ता आहे. त्याला अर्धी कवळी म्हणतात. डॉक्टर तिला पार्शल डेंचर म्हणतात, बाजारात नुसतं "पार्शल" म्हटलं तरी समजतात.

मी डॉक्टर नाही, सोसायटीचा सेक्रेटरी आहे. विचारून, वाचून जे समजलं ते सोप्या भाषेत लिहितो. शेवटचा निर्णय तुमच्या दाताच्या डॉक्टरांचाच.

१. रिकामी जागा गप्प बसत नाही

मोठ्या माणसाच्या तोंडात ३२ दात असतात. चार अक्कलदाढा सोडल्या तर २८. हे सगळे एकमेकांच्या आधाराने उभे असतात. जाळ्याची एक गाठ सुटली की शेजारच्या गाठींवर ताण येतो आणि भोक मोठं होत जातं. दातांचंही तसंच आहे.

एक दाढ काढली की तिच्या शेजारचे दात हळूहळू त्या जागेकडे कलतात. समोरच्या जबड्यातली दाढ, जिला आता टेकायला काही उरलं नाही, ती खाली किंवा वर सरकत येते. दातांत फटी पडतात, फटीत घास अडकतो, अडकलेल्या घासाने कीड लागते, हिरडी सुजते. म्हणजे पहिली दाढ गेली म्हणून दुसरी जायची तयारी होते.

जबड्याच्या हाडाचीही तीच गत. दात होता तोवर हाडाला काम होतं. दात गेला की तिथलं हाड झिजतं, आणि ही झीज पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त होते. म्हणून "या मिरगाला नको, पुढच्या मिरगाला बघू" असं म्हणत चार-पाच वर्षं काढली, तर कवळी बसायला चांगली जागाच उरत नाही.

पुढचे दात गेले तर बोलणं बिघडतं. त, थ, द, ध म्हणताना जीभ वरच्या दातांना मागून टेकते. फ आणि व ला वरचे दात खालच्या ओठाला लागतात. आता रामनगरच्या नाहीतर मुशीराबादच्या मासळी बाजारात बसणाऱ्या आपल्या बहिणींचा विचार करा. दीडशे, दोनशे, तीनशे, सगळे भाव दातांवरचेच. गिऱ्हाईक दोनदा विचारतं, मग बाई तोंडावर पदर धरून बोलते, मग ओरडून बोलवणंच बंद होतं. तिच्या धंद्यात आवाज हे भांडवल आहे. दात गेल्याने ते भांडवल कमी होतं, हे आपण हिशोबात धरत नाही.

२. रस्ते किती आहेत?

पहिला रस्ता : काहीच न करणे. कधी कधी हाच बरोबर असतो. अक्कलदाढ काढली तर तिथे काही लावत नाहीत. अगदी शेवटची दाढ गेली असेल आणि बाकी सगळं मजबूत असेल तर डॉक्टर स्वतः म्हणतात, राहू द्या. पण हे डॉक्टरांनी बघून सांगायचं, आपण घरी बसून ठरवायचं नाही.

दुसरा रस्ता : ब्रिज. रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात घासून लहान करतात आणि त्यांच्यावर टोप्या चढवून मधे खोटा दात टांगतात. तो पक्का असतो, काढावा लागत नाही. पण त्यासाठी शेजारचे चांगले दात घासावे लागतात, आणि जागेच्या दोन्ही टोकांना मजबूत दात असावे लागतात.

तिसरा रस्ता : इम्प्लांट. हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात, तो हाडाशी जुळला की वर दात लावतात. जुळायला साधारण तीन ते सहा महिने जातात. शेजारच्या दातांना हात लावावा लागत नाही, ही मोठी चांगली गोष्ट. पण खर्च बहुधा सगळ्यात जास्त, हाड पुरेसं लागतं, शुगर ताब्यात लागते, आणि तंबाखू-सिगरेटवाल्यांमध्ये तो फसण्याची शक्यता वाढते.

चौथा रस्ता : अर्धी कवळी. काढता-घालता येते. एका जागी एक दात नसेल तरी चालते, चार ठिकाणी मिळून आठ दात नसतील तरी एकाच कवळीत बसतात. चांगले दात फारसे घासावे लागत नाहीत. पुढे आणखी एखादा दात गेला तर बऱ्याचदा त्याच कवळीत तो वाढवून मिळतो. खर्चही झेपण्यासारखा.

म्हणजे एकच जागा रिकामी, शेजारी मजबूत आणि खिशात पैसे असतील तर ब्रिज किंवा इम्प्लांटचं जरूर विचारा. पण जागा जास्त, पैसे कमी, नाहीतर तब्येत ऑपरेशनला तयार नाही, अशा वेळी अर्धी कवळी ही हलकी निवड नाही, योग्य निवड आहे.

३. अर्धी कवळी कशी असते?

तिचे तीन भाग : हिरडीवर बसणारी पाटी, त्यावरचे खोटे दात, आणि शेजारच्या खऱ्या दातांना धरणारे हुक. मुख्य प्रकारही तीनच.

अ‍ॅक्रिलिकची : गुलाबी प्लास्टिकसारखी, तारेचे हुक असलेली. सगळ्यात स्वस्त आणि लवकर होणारी. दुरुस्ती सोपी. पण जाड असते, पडली तर तुटते, आणि तिचा सगळा भार हिरडीवर येतो. डॉक्टर तिला बऱ्याचदा तात्पुरती म्हणून देतात.

धातूची, म्हणजे कास्ट पार्शल : कोबाल्ट-क्रोमियमचा पातळ सांगाडा असतो. त्याचे छोटे टेकू खऱ्या दातांवर टेकतात, त्यामुळे चावण्याचा भार दातांवर जातो, हिरडी वाचते. पातळ असल्याने तोंडात कमी जाणवते, आणि धातू असल्याने गरम-थंड नीट कळतं. अ‍ॅक्रिलिकपेक्षा महाग, पण जास्त टिकते.

फ्लेक्सिबल : लवचिक नायलॉनची, तारेचे हुक नसलेली. दिसायला चांगली, सहज तुटत नाही. पण ढिली झाली की नीट करणं किंवा दात वाढवणं कठीण जातं, आणि सगळ्यांच्या तोंडाला ती चालत नाही.

कोणती घ्यायची ते जागा कुठे आहे यावर ठरतं. १९२५ साली अमेरिकेतल्या डॉ. एडवर्ड केनेडी यांनी रिकाम्या जागांचे चार वर्ग पाडले, ते आजही दंतवैद्यकाच्या कॉलेजात शिकवतात. त्यातलं आपल्या कामाचं एवढंच. रिकाम्या जागेच्या पुढेही दात आणि मागेही दात असेल, तर कवळी दोन्ही टोकांना टेकू असलेल्या फळीसारखी बसते, हलत नाही. पण मागच्या सगळ्या दाढा गेल्या असतील, तर फळीला एकाच बाजूला टेकू आहे. दुसरं टोक मऊ हिरडीवर टेकतं आणि चावताना खाली दबतं. अशा माणसाने कवळी हलते म्हणून डॉक्टरांना लगेच दोष देऊ नये. त्याची जागाच अवघड आहे. त्याने मात्र तपासणी चुकवायची नाही.

जाता जाता एक गोष्ट. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ मध्ये शपथ घेतली तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांच्या कवळ्या हस्तिदंत, पाणघोड्याचा दात, माणसाचे दात आणि धातू जोडून केलेल्या होत्या, आणि त्या त्यांना कायम त्रास देत. तेवढ्या मोठ्या माणसाला जे मिळालं नाही, ते आज आपल्याला शहरातल्या सरकारी दवाखान्यात मिळू शकतं.

४. कुठे जायचं, आणि कुठे जायचं नाही?

बरकतपुरा, नारायणगुडा, काचीगुडा या आपल्या भागात दातांचे दवाखाने भरपूर आहेत. ज्यांना खर्चाची काळजी आहे त्यांनी काचीगुडा-कोठी करत अफझलगंजला जावं. उस्मानिया हॉस्पिटलच्या बाजूला सरकारी डेंटल कॉलेज आणि हॉस्पिटल आहे, १९५९ पासूनचं. तिथे ओ.पी.मध्ये चिठ्ठी काढताना "प्रॉस्थोडॉन्टिक्स" म्हणा, म्हणजे खोटे दात बसवण्याचा विभाग. डेंटल कॉलेजात काम विद्यार्थी करतात आणि मोठे डॉक्टर तपासतात. वेळ जास्त जातो, फेऱ्या जास्त होतात, पण खर्च कमी आणि काम शिस्तीत होतं. सकाळचा बाजार आटोपून उशिरा पोचलात तर नंबर लागणार नाही. एक दिवस बाजार दुसऱ्याकडे सोपवून लवकर जा.

आता कुठे जायचं नाही ते. "अर्ध्या तासात परमनंट दात, फक्त एवढ्यात" असं सांगणारे काही जण असतात. ते माप घेत नाहीत, एक्स-रे नाही, साफसफाई नाही. शेजारच्या दातांना तार बांधतात, वरून पातळ अ‍ॅक्रिलिक ओततात, दात चिकटवून देतात. पहिले काही महिने माणूस खूष. पण तो दात निघत नाही म्हणून खाली साफ होत नाही. घास आत कुजतो, हिरडी सडते, वास येतो. शेवटी ज्या दोन चांगल्या दातांना तार बांधली होती ते पण हलायला लागतात. आपल्याच एका सभासदाने चिट उचलून एका ठिकाणी असा एक दात बसवला. त्या एकापायी नंतर तीन दात काढावे लागले.

लक्षात ठेवा : खरी अर्धी कवळी तुम्हाला स्वतःच्या हाताने काढता-घालता आलीच पाहिजे. जी निघत नाही आणि जिच्यासाठी दातांवर टोप्याही बसवलेल्या नाहीत, ती अर्धी कवळीही नाही आणि ब्रिजही नाही. दंतवैद्य कायदा १९४८ साली झाला. नोंदणी असलेल्या डॉक्टरलाच हे काम करता येतं. बी.डी.एस. किंवा एम.डी.एस. ही पदवी आणि नोंदणी नंबर भिंतीवर आहे का, ते बघा. नसेल तर विचारा. विचारण्यात लाज नाही.

५. काम कसं चालतं?

पहिल्या फेरीत तपासणी आणि एक्स-रे. त्याच वेळी हे न विचारता सांगा : शुगर आहे का, बी.पी. आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, तंबाखू किंवा मशेरी किती वर्षं आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काही असेल तर आधी त्याची तपासणी, कवळी नंतर. चट्ट्यावर कवळी घालून तो झाकायचा नाही. तो कॅन्सरची सुरुवात असू शकतो.

मग दात साफ करणं, कीड भरणं, न वाचणारे दात काढणं. दात काढल्यावर हिरडी भरायला साधारण सहा ते आठ आठवडे, कधी जास्तही थांबावं लागतं. घाईने घेतलेलं माप हिरडी आटल्यावर ढिलं होतं. पुढचे दात असतील आणि थांबणं शक्य नसेल तर तात्पुरती कवळी मिळते, पण ती नंतर पुन्हा भरून घ्यावी लागते.

त्यानंतर माप, चावा कसा बसतो त्याची नोंद, मग मेणावर दात लावून ट्रायल. ही ट्रायलची फेरी कोणी टाळू नका. आरशात बघा, हसून बघा, बाजारातले भाव मोठ्याने म्हणून बघा. बदल करायचा तर तेव्हाच, नंतर होत नाही. रंगही तेव्हाच ठरवा. आपले काही सभासद नलगोंडा भागातले आहेत. तिथल्या पाण्यातल्या फ्लोराईडमुळे दातांवर पिवळे-तपकिरी डाग असतात. तिथे दुधासारखा पांढरा खोटा दात लावला तर तो लांबून उठून दिसतो. शेजारच्या दाताशी जुळणारा रंग मागा.

एकूण चार ते सहा फेऱ्या धरून चला. कवळी हातात आली म्हणजे काम संपलं असं नाही. टोचते तिथे घासून घ्यायला एक-दोनदा परत जावंच लागतं.

६. सवय, आणि मासळीचा काटा

पहिले काही दिवस तोंडात लाळ जास्त येते, बोलताना जीभ अडखळते, काहीतरी भरलंय असं वाटतं. हे बहुतेकांना होतं आणि जातं. सुरुवातीला खिचडी, दही-भात, मऊ भाजी. घास लहान, दोन्ही बाजूंनी सावकाश चावा. जखम झाली तर कवळी काढून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. घरी कानशीने घासू नका, तार पक्कडने वाकवू नका.

आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे काटा. वरची कवळी टाळू झाकते. टाळू झाकला की काटा टोचल्याचं लवकर कळत नाही. गरम रश्श्याचा चटकासुद्धा उशिरा कळतो. जन्मभर जिभेने काटा काढणारा माणूस कवळी घातल्यावर तोच भरवसा ठेवतो आणि काटा घशात जातो. म्हणून नवी कवळी असताना रोहू आणि कटला यांच्यापासून जरा लांब रहा, त्यांच्या मांसात बारीक दोन टोकी काटे असतात. मरळ घ्या, तिच्यात काटे कमी. पहिले दोन-तीन महिने मासा ताटातच बोटांनी कुस्करून, काटा काढून मगच घास घ्या. मिरगाच्या दिवशी घरात सगळ्यांना मासा हवा असतो, तेव्हा नव्या कवळीवाल्याचं ताट वेगळं करा.

दुसरी सवय : तंगूस दाताने तोडणं. जाळं विणताना, गाठ मारताना सगळेच करतात. कवळीच्या पुढच्या दाताने तंगूस ओढला तर एक तर दात निखळतो, नाहीतर कवळी सुटून बाहेर येते. कमरेला छोटी कात्री ठेवा. खऱ्या दातांनीसुद्धा हे करू नये, पुढच्या दातांच्या कडा त्यानेच झिजतात.

तिसरं : पाण्यात उतरताना, डुबकी मारताना छोटी कवळी काढून डबीत ठेवा. तळ्यात पडलेली कवळी परत मिळत नाही.

७. रोजची निगा

• रात्री झोपताना कवळी काढा. हिरडीला विश्रांती लागते.
• काढलेली कवळी साध्या पाण्यात ठेवा. कोरडी ठेवू नका, गरम पाण्यात तर मुळीच नाही, वाकडी होते.
• मऊ ब्रश आणि साध्या साबणाने धुवा. टूथपेस्ट, राख, मशेरी, दंतमंजन नको, त्याने ओरखडे पडतात.
• धुताना खाली पाण्याची बादली किंवा टॉवेल ठेवा, म्हणजे हातातून सुटली तरी तुटत नाही.
• ज्या खऱ्या दातांना हुक बसतो ते दात सगळ्यात जास्त घासा. कीड तिथेच आधी लागते.
• कवळी बोटांनी दाबून बसवा. दातांनी चावून बसवू नका, हुक वाकतो.
• तुटली तर फेविक्विक नको. दोन्ही तुकडे डॉक्टरांकडे न्या.
• दर सहा महिन्यांनी दाखवा. ढिली झाली तर आतून भरून घट्ट करता येते.

कवळीखाली टाळू लाल झाला, जळजळलं, तर ती बुरशी असू शकते. दिवस-रात्र कवळी घालणाऱ्यांत आणि शुगरवाल्यांत ती जास्त होते. औषधाने बरी होते, पण सवय बदलली नाही तर परत येते.

८. कवळी गिळली तर?

छोट्या, एक-दोन दातांच्या कवळीचा हा खरा धोका आहे. झोपेत, दारूच्या नशेत, फिट आल्यावर, ऑपरेशनमध्ये ती घशात जाऊ शकते. २०१९ मध्ये ब्रिटनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका ७२ वर्षांच्या माणसाची हकिगत छापून आली. पोटावरची गाठ काढण्याच्या ऑपरेशनच्या वेळी त्याची तीन दातांची, धातूची पाटी असलेली कवळी घशात गेली. त्याला गिळता येईना, तोंडातून रक्त येई. तो दवाखान्यात परत गेला तर औषध देऊन घरी पाठवलं. कवळी घशात अडकलेली दिसली ती ऑपरेशननंतर आठ दिवसांनी.

यातून दोन नियम लक्षात ठेवा. एक, कुठल्याही ऑपरेशनआधी डॉक्टर, नर्स दोघांनाही सांगा की तोंडात कवळी आहे, आणि ती काढून घरच्यांच्या हातात द्या. दोन, कवळी गिळल्याचा संशय आला तर केळं, भाताचा गोळा असले उपाय करू नका. श्वास अडकत असेल तर १०८ ला फोन करा. नसेल अडकत तरी लगेच मोठ्या दवाखान्यात जा. आणि तिथे स्पष्ट सांगा की कवळी अ‍ॅक्रिलिकची आहे, कारण अ‍ॅक्रिलिक साध्या एक्स-रेत दिसत नाही, फक्त तार दिसते. "एक्स-रेत काही नाही" म्हटलं तरी उठून घरी येऊ नका.

ढिली झालेली एक दाताची कवळी "चालतंय की" म्हणून वापरू नका. गिळली जाते ती बहुधा हीच.

९. सभासदांनी विचारलेले प्रश्न

कवळीने खऱ्या दातासारखं चावता येतं का? नाही, थोडं कमीच. धातूची दातांवर टेकलेली असेल तर बरंच चांगलं. पण काही नसण्यापेक्षा कितीतरी बरं.

वय ७० आहे, आता कशाला? जेवण नीट जात नाही म्हणून अंगात ताकद नाही, असे आपल्या घरांत किती वडीलधारे आहेत बघा. वयाची अट नाही. तोंड निरोगी आणि हात कवळी काढ-घाल करण्याइतके चालते असले की झालं.

कवळी घातली की तंबाखू चालेल का? कवळी ज्या दातांना धरून आहे त्यांच्या हिरड्या तंबाखूने सैल होतात. धरणारे दात गेले की कवळीही गेली.

घरचा अभ्यास

आज रात्री दात घासल्यावर आरशासमोर उभे रहा, तोंड पूर्ण उघडा आणि दात मोजा. वरचे किती, खालचे किती, मधल्या जागा कुठे, ते कागदावर लिहा. घरातल्या आजी-आजोबांचेही मोजा. ज्यांच्या कागदावर रिकाम्या जागा आहेत त्यांनी तो कागद ऑफिसात आणून द्या. चार-पाच जण झाले की एक दिवस ठरवून सगळे मिळून सकाळी अफझलगंजला जाऊ. एकट्याने जायला कंटाळा येतो. पाच जण असले की रांगही लवकर सरकल्यासारखी वाटते.

हा पाठ आपल्या गटात पुढे पाठवा. विशेषतः जे हसताना तोंडावर हात धरतात त्यांना.

आपला,
सेक्रेटरी